दगडाचा ताप

माठात बुडवून काढलेला थर्मामीटर मी झटकत होते, तेवढ्यात आभाळातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला.

दुपार होती, वैशाखातली. मी उमरदरीच्या उपकेंद्रात नर्स होते आणि त्या दिवशी तिथली एकमेव पेशंटही मीच होते. वैशाखात वऱ्हाडात थर्मामीटरलाच ताप असतो. नुसता पेटीत ठेवला तरी पारा शंभराच्या पुढे जाऊन बसतो. म्हणून तो आधी माठात बुडवायचा, झटकायचा, आणि हवेनं पारा पुन्हा चढायच्या आत पेशंटच्या काखेत घालायचा, हे इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मला शिकावं लागलं. आमच्या राजापूरकडे असले प्रकार नव्हते.

सकाळपासून अंग कसकसत होतं. दुसऱ्याचा ताप मी उलटा हात कपाळाला लावून ओळखायची. थर्मामीटर नंतर, कागदावर लिहायला. पण स्वतःचा ताप स्वतःच्या हाताला कळत नाही. हात आणि कपाळ एकाच माणसाचे, दोन्ही सारखेच तापलेले. त्याला दुसरं माणूस लागतं. ते नव्हतं, म्हणून थर्मामीटर.

पहिल्या आवाजामागोमाग आणखी दोन झाले. विहिरीत सुरुंग लावतात तसेच, पण वरून. मग दगडी रस्त्यावर रिकाम्या बैलगाड्या पळवाव्यात तसा गडगडाट आला आणि शेवटी अगदी जवळ, ओलं पोतं टाकल्यासारखं, धप्प झालं. आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

उपकेंद्र गावाबाहेर होतं आणि त्याला शेजार एकच, पुंजाबाईचा. मध्ये तुराट्यांचं कुंपण. पुंजाबाई साठीतली विधवा. एकुलती लेक जालन्याकडे दिलेली. घरात ही आणि चांदी नावाची गाय. चांदी नुकतीच व्याली होती. शेजारी राहून आमचं बोलणं म्हणजे तिचं 'दूध ठेवलं व बाई' आणि माझं 'बरं'. सिस्टरबाई तुसडी आहे, असं गाव म्हणायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. गावात मला नाव नव्हतं. दुखलंखुपलं तरच माणूस माझी पायरी चढायचं. काही न दुखता एखादं माणूस आलं असतं तर मी त्याला खुर्ची दिली असती, चहा दिला असता आणि लवकर उठू दिलं नसतं. पण तसं तोंडावर दाखवायची मला सवय नव्हती, आणि आपणहून कोणाच्या ओट्यावर जाऊन बसायची तर नव्हतीच नव्हती.

थर्मामीटर तसाच हातात धरून मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले. उकिरड्याच्या कडेला मऊ मातीत घागर बसेल एवढा खड्डा पडला होता आणि खड्ड्यात एक दगड. नारळाहून जरा मोठा. वरून तव्याच्या बुडासारखा काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, तिथं आतून सिमेंटसारखा राखाडी. तो कुठून आला हे कोणी सांगायला नको होतं. लोणार आमच्यापासून लांब नाही. तिथलं तळं आभाळातल्या दगडानं पडलं, हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगतं. मी खाली बसले आणि सवयीनं उलटा हात लावला.

चटका बसणार म्हणून हात आधीच अर्धा मागे घेतला होता. चटका बसला नाही. दगड गार होता. विहिरीच्या तळातून नुकता वर काढावा तसा गार, आणि त्याच्या अंगाला बारीक ओल होती. शेजारची माती मात्र माझ्या पायांना भाजत होती.

मनात पहिला विचार आला तो असा, की इंदू, तुला ताप आहे. तापलेल्या हाताला सगळंच गार लागतं. माझ्या हातावर माझाच विश्वास बसेना आणि विचारायला जवळ कोणी नव्हतं. म्हणून थर्मामीटर दगडाच्या ओलीला टेकवून गार केला, पुन्हा झटकला, पदराची सावली धरली आणि पाऱ्याचं टोक दगडाला टेकवून बसले, पेशंटजवळ बसावं तशी. पारा जागचा हलला नाही. उचलून हवेत धरला तर सरसर चढला. पुन्हा तसाच गार करून झटकला आणि परत दगडाला लावला. हलला नाही.

मग जळका वास आला.

पुंजाबाईचा गोठा घराच्या पलीकडच्या अंगाला होता. मी धावत वळसा घालून गेले तोवर छपरातून धूर येत होता, आणि बघता बघता धुराचा जाळ झाला. उन्हानं वाळून कुरकुरीत झालेलं गवताचं छप्पर ते. आत चांदी हंबरत होती. वासरू बाहेर कडुनिंबाखाली बांधलेलं होतं, ते हिसके देत होतं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. गल्लीकडून माणसं आली, त्यांच्या पुढं पुंजाबाई. आवाज झाल्याबरोबर ती 'दगड पडला, दगड पडला' सांगत गावात गेली होती आणि गाव घेऊन परतली होती. तिनं गोठा पाहिला. ती सरळ जाळाकडे निघाली. मी तिला कमरेला धरून खाली पाडलं आणि तिच्यावर बसलेच म्हणा ना. छप्पर आत बसलं. चांदीचा आवाज थांबला.

आग विझली तेव्हा ऊन उतरलं होतं. लोक एकदा राखेकडे बघत, एकदा खड्ड्याकडे. खुंट्यापाशी गाईचं दावं अर्धं जळून उरलं होतं. ते बघून बायका कुजबुजायला लागल्या, कारण त्या मुलखात रीत होती. दाव्याला बांधलेली गाय मेली तर घरच्या माणसाला गोहत्येचं पातक. त्यानं तेच दावं आपल्या गळ्यात घालायचं आणि गावोगाव भीक मागत फिरायचं. माणसासारखं बोलायचं नाही. दारात उभं राहून गाईसारखं हंबरायचं, वाढतील ते खायचं. पातक फिटेपर्यंत त्याच्या हातचं पाणी कोणी घेत नाही.

पोलीस पाटील दौलतराव खड्ड्याजवळ जाऊन उभे राहिले. माणूसही मोठा आणि आवाजही मोठा.

"आयका," ते म्हणाले, "याच्यात पुंजाबाईचा काई दोष नाही. आभायातून इस्तो पडला. येता येता गोठ्यावरून आला, त्याच्या झयीनंच छप्पर पेटलं. अशा जायात दावं सोडाले कोणाले सवड भेटन? हे देवाचं करणं हाय. पुंजाबाईले काई लागत नाही."

इस्तो म्हणजे विस्तव; तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, तशी झळीची झय. सगळ्यांना ते पटलं. सगळ्यांच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, कारण गावाला पुंजाबाईचं वाईट चिंतायचं नव्हतं. ती राखेपाशी बसून होती. तिनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे. थर्मामीटर अजून माझ्या मुठीत होता.

मी बघत होते ते दुसऱ्याच गोष्टीकडे. राखेत, खुंट्याजवळ, एक लोखंडी घमेलं उपडं पडलं होतं. व्यालेल्या गाईला माशा छळतात म्हणून पुंजाबाई रोज दुपारी घमेल्यात निखारे घेऊन गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची. त्याचा वास माझ्या खोलीपर्यंत यायचा. दगड गार, म्हणजे आग घमेल्यातली. घमेल्यातली, म्हणजे ती आधी धुमसली असणार, मग लागली असणार. झळ लागून एका दमात पेटलेली नव्हे. म्हणजे दावं सोडायला सवड होती. पारा हलला नाही, एवढ्याशा गोष्टीवर पुंजाबाईच्या गळ्यातलं दावं लोंबकळत होतं, आणि ती गोष्ट गावात मला एकटीला माहीत होती. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

इस्तो पडला म्हटल्यावर तो शांत करायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या दगडावर घागरी रिचवल्या गेल्या. तापट देवाला लिंपतात तसा बायकांनी त्याला दहीभात लिंपला, चंदन उगाळून लावलं. इतकं लाडाकोडाचं गार आंघोळ-पांघरूण त्या मुळातच गार दगडाला. मला हसू येत होतं, पण हसायला दुसरं कोणी नसलं की हसू घशातच राहतं.

आणि माझ्या पायरीवर ही गर्दी! ज्यानं त्यानं दगडाला हात लावला होता आणि ज्याला त्याला भाजलं होतं. "मलम द्या सिस्टरबाई, चर्र झालं हाताले." मी हात उलटेपालटे करून बघितले. फोड एकाच्याच हाताला होता आणि तो कुदळीचा होता. मी मुकाट्यानं सगळ्यांना मलम लावलं. सरकारी मलम होतं, माझ्या बापाचं काय जात होतं.

दोन-तीन दिवसांनी जिल्ह्याच्या कॉलेजातले टेंभुर्णे सर एस.टी.नं आले. भूगर्भशास्त्र शिकवायचे. तिशीचे असतील, उन्हानं लालबुंद झालेले, पण दगड पाहिल्यावर लग्नघरात आल्यासारखे खुलले. खड्ड्याशी उकिडवे बसून त्यांनी नखानं दहीभात खरवडला. गाव भोवती उभं होतं. पुंजाबाई आपल्या उंबऱ्यात बसून वासराला बाटलीनं दूध पाजत होती.

"पडल्याबरोबर हात कोणी लावला होता?" सरांनी विचारलं.

"निखारा होता साहेब निखारा!" चारी बाजूंनी उत्तर आलं. कोणी तळहात पुढं केले. माझं मलम अजून चकाकत होतं.

सर हसले. "सहसा असं होत नाही. आपल्याला आभाळात जाळ दिसतो तो वरच्या सालीचा. ती साल वितळते आणि वाटेतच उडून जाते, जाताना उष्णता घेऊन जाते. हे इतकं झटपट होतं, की आतपर्यंत ऊब पोचतच नाही. आत युगानुयुगांचा गारठा असतो. मग उरलेला दगड थंड हवेतून नुसता खाली पडतो, झाडावरून कैरी पडावी तसा. हाताला कोमट लागतो. कधी चक्क गार. पण लगेच मोजलेलं कोणी सापडत नाही हो. नुसत्या सांगोवांगीच्या गोष्टी. एखाद्यानं जरी मोजलं असतं ना..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि दगडावरून हात फिरवला.

"दगड गार, तं मंग गोठा कायनं जयला?" दौलतरावांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? ते तुम्हाला माहीत."

एकेक मान उंबऱ्याकडे वळायला लागली. वासरू बाटली ओढत होतं, पण पुंजाबाईचा हात थांबला होता.

"सिस्टर," सर माझ्याकडे वळले, "तुम्ही शेजारीच राहता. पहिल्या तुम्हीच पोचलात म्हणे. तुमचा अनुभव काय?"

सांगायची मला अतोनात इच्छा झाली. खोटं कशाला बोलू. इतक्या दिवसांत मला कोणी गोळी-इंजेक्शनापलीकडचं काही विचारलं नव्हतं, आणि आज असा प्रश्न आला होता, ज्याचं उत्तर सबंध तालुक्यात माझ्याजवळ होतं. सर माझ्या व्हरांड्यात बसले असते. मी थर्मामीटर काढून दाखवला असता, पदर कसा धरला ते सांगितलं असतं. त्यांनी 'पुन्हा एकदा सांगा' म्हटलं असतं आणि मी पुन्हा सांगितलं असतं.

"गोठा पेटला होता, सर," मी म्हटलं. "दगडाकडे कोण बघतं?"

"तेही खरंच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला मला बघवला नाही.

"पाहा! म्हंजे इस्तोच!" दौलतराव म्हणाले. लोक पुन्हा बोलायला लागले. चहाला थांबा म्हणेपर्यंत सरांची एस.टी. आली. ते टवक्याचा तुकडा घेऊन गेले; पुढं तहसीलदारांचा हुकूम आला आणि अख्खा दगड दहीभातासकट पोत्यातून गेला. टेंभुर्णे सरांनी त्यावर कुठंतरी लिहिलं आणि तापमानापुढं 'माहिती नाही' असं लिहिलं, एवढं नंतर कानावर आलं. आता पुंजाबाईही राहिली नाही आणि मीही कधीच निवृत्त झाले, म्हणून सांगायला हरकत नाही, की माहिती होती.

सर येऊन गेले त्याच दिवशी दिवेलागणीला पुंजाबाई माझी पायरी चढून आली.

"काय होतंय?" मी सवयीनं विचारलं.

"काई होत नाही. आली अशीच."

काही न दुखता आलेलं ते पहिलं माणूस. मी खुर्ची पुढं केली. ती जमिनीवर बसली. मग मीही जमिनीवर बसले.

"एक इचारू बाई? खरं सांगसान?"

"विचारा."

"थो दगड कसा होता?"

"सरांना सांगितलं की. मी नीट पाहिलाच नाही."

"तुमी त्याच्यापाशी बसेल होत्या. गल्लीत वयताना म्या मांगं पायलं, तं तुमी हात लावून बसेल."

"मला ताप होता, पुंजाबाई. तापलेल्या हाताला सगळं गारच लागतं. माझ्या हाताचं काय धरून बसता?"

"म्हंजे गार लागला."

मी जीभ चावली. बोलून चुकले होते.

"मले तं ताप नोता," ती म्हणाली. "तुमच्या आगुदर म्याच हात लावला त्याले. माठासारखा गार लागला. मंग वाटलं, भास झाला असन आपल्याले. साऱ्या गावाचा हात पोयला, अन् माह्या एकटीचाच कसा पोयला नाही? झोप नाही बाई तईपासून. एकटीलेच मालूम असलं, का आपलं आपल्यालेच खरं वाटत नाही."

बाहेर वासरू हंबरलं. तिनं तिकडं मान वळवली, परत माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या हातात थे काचाचं होतं. त्याले तं ताप नोता ना? त्यानं काय सांगतलं?"

'पारा चढला.' दोनच शब्द होते. ते बोलले असते तर ती घरी जाऊन झोपली असती, निदान मला तसं मानता आलं असतं. पण ती पेशंटसारखी समोर बसली होती, आणि ताप किती हा आकडा मी कधी कोणाला खोटा सांगितला नव्हता. मरायला टेकलेल्यालाही नाही. शिवाय, मलाही ते एकटीनं बाळगून कंटाळा आला होता.

"पारा हलला नाही," मी म्हटलं. "दोनदा लावून पाहिला. दगड गार होता."

"हां," पुंजाबाई म्हणाली. डोक्यावरचा भारा खाली टाकताना बाई करते तसा तो आवाज होता. मग सांगायला लागली.

"चांदीले धूर करत होती मी. आभायात आवाज झाला अन् तिनं बिचकून लात मारली. घमेलं उपडं झालं. म्या पायलं थे. मनात म्हटलं, येऊन भरीन. इस्तो पाल्याखाली होता, दिसला नाही. पयाली मी दगड पाहाले. हात काय लावला, गावात सांगाले काय गेली! आभायातून पडलेली वस्तू माह्या दारात, असं वाटलं मले. माह्या दारात कोण येते एरवी?" ती थांबली. "दावं सोडाले कितीक येळ लागते बाई?"

"मीही तिथंच होते," मी म्हटलं. "पारा बघत बसले होते. मलाही वास उशिरा आला."

"तुमची गाय नोती."

ती हे रागानं बोलली नाही. पण दोषातला माझा वाटा तिनं मला परत केला, आणि मला ते लागलं.

"आता काय करणार? दौलतरावांनी तर सगळ्यांसमोर सांगितलंय, तुम्हाला काही लागत नाही."

"दौलतरावले का मालूम? त्यायनं कुठी हात लावला?"

"पुंजाबाई, हे दावं-बिवं खुळचटपणा आहे. ह्या उन्हात मराल."

"असन खुयचट. पण मानंवर काईतरी बसेल हाय माह्या. दिसत नाही म्हणून जड हाय. दावं घातलं का दिसन तरी." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाली, "गावात नाही फिरत मी. गाव म्हणन, दगड झूटा निंघाला. एवढा दहीभात वाया जाईन लोकायचा. लेकीकडं चालली म्हणून सांगतो अन् शिवंपल्याड जातो, जथी कोणी वयखत नाही."

उठताना ती दाराशी घुटमळली. "वासराले पायसान का? बाटलीनं पेते. लय गुणाचं हाय."

मी तिला मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या, पाण्यात कालवून घ्या म्हणून बजावलं. दुसरं काय देणार होते? दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच ती गेलेली होती. गाव म्हणालं, बरं झालं, लेकीकडं मन रमेल.

वासरू माझ्या व्हरांड्यात राहायला आलं. गर्भार बायकांसाठी आलेल्या सरकारी दुधाच्या पावडरीतलं थोडं दूध उमरदरीत वासरानं प्यायलं, हे कोणाला कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. बाटली संपली की ते माझी बोटं चोखायचं. रात्री खाटेखाली बसायचं. पहिल्यांदाच माझ्याकडे कोणीतरी मुक्कामाला होतं, आणि सकाळी दार उघडण्याआधी मी त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. काय बोलायची ते सांगत नाही.

ज्येष्ठ लागला असेल. मी लसीकरणाला काळेगव्हाणला गेले होते, तीन कोस पलीकडे. मारुतीच्या पारावर टेबल मांडलं होतं, बायका पोरं घेऊन रांगेत होत्या. एक पोर नुकतं टोचून झालं होतं आणि भोकाड पसरून रडत होतं, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाय हंबरली. पोर एकदम गप्प झालं. हंबरणं गाईचं नव्हतं.

"दाव्याची बाई आली," रांगेतली एकजण म्हणाली आणि सगळ्या बाजूला सरकल्या.

पुंजाबाई निम्मी झाली होती. पाय भेगाळलेले, ओठ फुटलेले. गळ्यात ते अर्धं जळलेलं दावं, गाठ मारून पुरं केलेलं. घरोघर थांबत, हंबरत, पदर पुढं करत ती पारापर्यंत आली. मला पाहिलं. ओळखीचं काही दाखवलं नाही, दाखवायचं नव्हतंच. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि खाली मान घालून एकदा हंबरली. शेजारणीला असं ऐकणं कोणावर येऊ नये.

मी डब्यातल्या दोन्ही भाकरी तिच्या पदरात घातल्या. लोटाभर पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. मग कोणाकडे तरी बघून बोलावं तसं हातातल्या सिरिंजकडे बघत म्हटलं, "आमच्याकडे एक वासरू आहे. चांगलं बाळसं धरलंय. त्याच्या आईची माणसं कधी येतात म्हणून वाट बघतंय. मीही बघतेय."

बायकांना वाटलं असेल, सिस्टरला ऊन लागलं. पुंजाबाईच्या ओठाची कड हलली.

भिक्षा घेतली की पुढं जायचं, अशी रीत. ती गेली नाही. पदरातल्या भाकरी तिनं एका हातात धरल्या, टेबलावरून वाकली आणि दुसरा हात पुढं करून, उलटा करून, माझ्या कपाळाला लावला. मी सगळ्या गावाच्या कपाळाला लावायची तसा. कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. तिला बोलायची बंदी होती. पण त्या दुपारचा माझा ताप तिच्या लक्षात होता, आणि तो कोणी बघितला नव्हता, हेही.

ताप केव्हाच उतरला होता. मी तसं सांगितलं नाही. रांगेतल्या बायका बघत होत्या, पोरं रडत होती, आणि मी तिचा हात कपाळावर असेपर्यंत डोळे मिटून बसून राहिले.